अर्थिंगच्या वायरीतून गेलेला पत्रा

लंडनमध्ये बोटीवर राहतो म्हटलं की रत्नागिरीची माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, बोट लागत नाही का? दुसरा, लाइट कुठून येते? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आमची बोट साउथॉलच्या बाजूला ग्रँड युनियन कॅनॉलवरच्या एका मरीनात बांधलेली असते. कालव्याला लाटा नसतात, शेजारून दुसरी बोट गेली तर चहाचा कप जरा हलतो, इतकंच. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, कारण जिथून लाइट येते तिथूनच बोटीचा पत्रा जाऊ शकतो.

ही बोट म्हणजे नॅरोबोट. पोलादी, लांबलचक आणि सात फुटांपेक्षा जरा कमी रुंद. अठराव्या शतकात खोदलेल्या कालव्यांचे पाणी चढवण्या-उतरवण्याचे हौद तेवढ्याच मापाचे होते, म्हणून बोटीही अजून त्याच मापाच्या. पूर्वी त्यातून कोळसा जायचा, आता माणसं राहतात. लंडनमधलं घरभाडं ज्यांनी भरलंय त्यांना यामागचं कारण वेगळं सांगायला नको. हल्लीच्या बोटींना बुडाला १० मिलिमीटर, बाजूंना ६ आणि छपराला ४ मिलिमीटर पत्रा घालतात. बोटवाल्यांच्या तोंडी तो ‘टेन-सिक्स-फोर’. आम्ही घेतली ती जुनी होती, बूड आणि बाजू दोन्ही सहाच्या.

जुनी बोट घ्यायची तर आधी ती पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घ्यावा लागतो, विमा कंपनीही तो मागते. सुक्या गोदीतलं पाणी उतरलं, बुडाचं शेवाळ प्रेशरच्या पाण्याने धुतलं आणि सर्व्हेअर कामाला लागला. आधी नुसती हातोडी. टण् टण् करत सबंध अंग वाजवत गेला, जिथे आवाज बसका आला तिथे खडूची खूण. मग डांबर खरवडून रुपयाएवढी जागा उघडी करायची, तिच्यावर चिकट जेल लावायचं, अल्ट्रासाउंडचं बटण टेकवायचं आणि आलेला आकडा तिथेच खडूने लिहायचा. ५.७, ५.६, ५.८. आम्ही दोघं मागून चालत एकेक आकडा वाचत होतो. मार्कशीट बरी निघाली, असं वाटत होतं.

मग तो गुडघ्यावर बसला. पाणरेषेच्या जरा खाली नारिंगी फोडांची एक रांग होती. त्याने पटाशीच्या टोकाने एक फोड उडवला. आत गंज असेल असं वाटलं होतं. होता चकचकीत पोलादाचा खड्डा, वाटीच्या आकाराचा, करंगळीचं टोक बसेल एवढा. खोली मोजली तेव्हा उरलेला पत्रा ३.८ भरला. इथल्या विमा कंपन्या साधारण ४ मिलिमीटरच्या खाली तोंड फिरवतात.

पुढे तो अ‍ॅनोडपाशी गेला. बोटीच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, मॅग्नेशियमचे लांबट ठोकळे वेल्ड केलेले असतात. त्यांनी पोलादाच्या आधी झिजायचं, एवढंच त्यांचं काम. आमच्या बोटीवर ठोकळे नव्हतेच, ते ज्या लोखंडी पट्टीवर ओततात ती पट्टी तेवढी शिल्लक होती. विकणाऱ्याकडे पावती होती. अ‍ॅनोड बसवून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि असे ठोकळे साधारण चार-पाच वर्षं काढतात. सर्व्हेअरने विचारलं, बोट कायम शोअर पॉवरला लावलेली असते का? हो. गॅल्व्हानिक आयसोलेटर आहे का? विकणाऱ्याने तो शब्दच पहिल्यांदा ऐकला होता.

शोअर पॉवर म्हणजे जेटीवरच्या खांबातून घेतलेली २३० व्होल्टची वीज. निळा जाड प्लग, निळं सॉकेट, मधे लांब केबल. केबलमध्ये तीन वायरी असतात. फेज आणि न्यूट्रल वीज आणतात-नेतात. तिसरी, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची, अर्थिंगची. ती बोटीत येते आणि थेट पोलादी अंगाला जोडलेली असते. ती तशीच जोडलेली हवी, कारण बोटीत कुठे फेजची वायर सोलवटून पत्र्याला लागली तर वीज त्या वाटेने निघून जाऊन ब्रेकर पडला पाहिजे. पण शेजारच्या बोटीचं अर्थिंगही त्याच खांबाला आहे. तिच्या शेजारचंही. जेटीच्या काठाला ठोकलेले पोलादी पत्रे आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तांब्याची सळई, सगळं त्याच एका वायरीने गुंफलेलं. वर वायर, खाली पाणी. दोन वेगळे धातू, मधे क्षार असलेलं पाणी आणि बाहेरून जोडणारी तार एवढं जमलं की बॅटरी झाली. शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची पट्टी खोचून केली होती तीच.

या बॅटरीत जो धातू जास्त क्रियाशील तो विरघळतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मॅग्नेशियम सगळ्यांत उतावळं, त्यामागून जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम, मग पोलाद, आणि तांबं-पितळ बरंच मागे. म्हणजे आपण पैसे मोजून लावलेलं मॅग्नेशियम आपल्या पत्र्याबरोबर शेजाऱ्याचा पत्रा, मरीनाच्या काठाचे उघडे गंजके पत्रे आणि तांब्याची सळई या साऱ्यांची राखण करतं. सबंध चाळीची लाइट एका खोलीच्या मीटरवर चालावी तसा प्रकार. शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. आणि मॅग्नेशियम संपलं की पाळी पोलादाची. तांब्याच्या सळईपुढे पोलादच क्रियाशील ठरतं.

हा प्रवाह इतका थोडा असतो की दिवासुद्धा लागणार नाही. पण तो एका दिशेने, रात्रंदिवस वाहतो. हिशेब फॅरडेच्या नियमाचा आहे. एक अँपियर वर्षभर वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. त्याच्या दहाव्या हिश्श्याने, १०० मिलिअँपियरने, जवळजवळ किलोभर. सबंध बोटीवर सारखं पसरलं तर किलोभर म्हणजे काहीच नाही. मात्र बोटीला डांबराचा लेप असतो. जिथे काठाला घासून लेप उडालाय तेवढ्याच दोन-चार ठिकाणांतून सगळा प्रवाह बाहेर पडतो आणि तिथेच खोदत बसतो. म्हणून बाकी पत्रा ५.७ आणि त्या रांगेत ३.८.

आणखी एक गोष्ट मरीनात फार थोड्यांना ठाऊक असते. बोटीतला मेन स्विच पाडला तरी हे थांबत नाही. स्विच फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थिंग तसंच राहतं. घराला कुलूप लावून, सगळे स्विच बंद करून महिनाभर भारतात गेलेल्या माणसाची बोटही केबल लावलेली असेल तर झिजतच असते. प्लग उपटणं हाच खरा बंद.

भाव पाडून बोट घेतली. खड्ड्यांत वेल्डिंग भरून घेतलं, नवे अ‍ॅनोड, डांबराचे दोन हात. यात लिहिण्यासारखं काही नाही, खर्च सोडला तर. तो इथे लिहीत नाही, आईच्या वाचनात येईल.

अ‍ॅनोडवरून घरी फोनवर चर्चा झाली ती मात्र सांगते. माझा चुलतभाऊ रत्नागिरीत मिरकरवाड्याला ट्रॉलरवर असतो. त्यांच्या सुकाणूला आणि पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे असतात. तो म्हणाला, “ताई, जस्त सोडून हे भलतंच काय लावलंस? आम्ही वर्षानुवर्षं जस्तच लावतो.” त्याचंही बरोबर होतं. समुद्रात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच चालतं. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात भराभरा संपेल. पण कालव्याच्या गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट कवच बसतं आणि ते काम करेनासं होतं. ठोकळा वर्षानुवर्षं नवाकोरा दिसतो, माणूस खूश होतो, आणि खाली पत्रा जातो. हे ऐकून तो जरा थांबला आणि म्हणाला, “आमची बोट जेटीला लागते, बर्फ भरते, डिझेल भरते. पण प्लग काय कोण लावत नाय.” त्याच्या धंद्यात हा आजार न दिसण्याचं कारण त्याने एका वाक्यात सांगितलं. मुंबईत गेटवेसमोर नांगरून ठेवलेल्या यॉटनाही म्हणूनच हा त्रास नाही. त्या पाण्यात सुट्या उभ्या असतात, त्यांना किनाऱ्याची वायरच नाही.

बोट मरीनात आणली त्याच आठवड्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ स्वागताला आले. त्यांची सारी हयात कालव्यावर गेलेली, माणूस अतिशय भला. त्यांनी सल्ला दिला: आयसोलेटर-बियसोलेटरवर कशाला पैसे घालवता, प्लग उघडा आणि हिरवी-पिवळी वायर कापून टाका. त्यांनी स्वतः तसंच केलं होतं आणि त्यांचे अ‍ॅनोड खरोखरच छान टिकले होते. माझ्या नवऱ्याला हे लगेच पटलं. मला धडकी भरली. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली; अर्थिंग तोडू नये हे पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही आठवेल.

वायर कापल्यावर सगळं ठीक चालतं, दिवे लागतात, हीटर चालतो, पत्राही वाचतो. मग एके दिवशी गिझरची कॉइल फुटते किंवा घासून घासून वायरीचं आवरण जातं आणि सबंध बोट २३० व्होल्टवर येते. प्रवाहाला परतीची वाट उरते ती पाण्यातून. ती वाट अरुंद असल्याने ब्रेकर पडेल इतका प्रवाह वाहतच नाही. जेटीवर उभं राहून बोटीच्या कड्याला हात लावणारा पोस्टमन, नाहीतर पाण्यात पडलेलं कुत्रं काढायला उतरलेला मुलगा, यांच्या अंगातून तो वाट काढतो. गोड्या पाण्यात हा धोका समुद्रापेक्षा जास्त. गोडं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा वीज कमी वाहून नेतं, त्यामुळे पोहणारा माणूसच प्रवाहाला सोयीचा रस्ता होतो. स्नायू आखडतात, हात मारता येत नाहीत, माणूस बुडतो. बघणाऱ्याला वाटतं पोहता येत नव्हतं. अमेरिकेत तळ्यांतल्या मरीनांत मुलं अशी गेली आहेत. काकांना हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय हवामानावर नेला.

वायर तोडायची नाही, पण तिच्यातून वाहणारा तो बारीक एकदिशी प्रवाह तोडायचा. आयसोलेटर हेच करतो. जाडजूड वीट असावी एवढा डबा, थंड राहण्यासाठी बाहेरून पाती. आत मुख्यतः चार डायोड. दोन डायोड एकामागे एक, आणि त्यांच्या उलट दिशेने आणखी दोन. डायोडला साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो वाट सोडत नाही, दोन ओळीने लावले की १.२. धातूंच्या भांडणातून येणारा दाब बहुधा एक व्होल्टच्या आतला. तो या दारात अडतो. खरोखरच बिघाड झाला आणि फेजचा दाब आला तर १.२ व्होल्ट म्हणजे काहीच नाही. डायोड सताड उघडतात, प्रवाह अर्थिंगने जातो, ब्रेकर पडतो. माणूसही वाचतो, पत्राही.

दोन धातूंमधली वाट तोडायची ही कल्पना काही नवी नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी बुडाला किडा लागू नये म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर ज्या लोखंडी खिळ्यांनी ते ठोकले होते त्यांतले पुष्कळ विरघळून गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो तिथे खिळ्याखाली अडकून राहिला होता, त्यामुळे लोखंड तांब्याला टेकलं नव्हतं. गॅल्व्हानीने बेडकाचे पाय हलवून दाखवले त्याच्याही आधीची ही गोष्ट. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उलट बाजूने उपाय काढला. तांब्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून तांबं वाचवलं. तांबं इतकं छान वाचलं की त्यातून विष सुटेना, बुडाला शिंपले आणि शेवाळ लागून जहाजं मंदावली, आणि आरमाराने ते तुकडे काढायला लावले. संरक्षण जास्त झालं तरी पंचाईत, ती अशी.

आयसोलेटरशिवाय दुसरा उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. त्यात किनाऱ्याची वीज एका वेटोळ्यात येते आणि बोटीची दुसऱ्या वेटोळ्यात तयार होते. दोघांत फक्त चुंबकत्व, धातूचा सांधा नाही. किनाऱ्याचं अर्थिंग ट्रान्सफॉर्मरशी संपतं, बोटीचं स्वतंत्र. उपाय म्हणून हा निर्विवाद वरचढ. पण वीस-पंचवीस किलोचं धूड, किंमत कित्येक पट आणि रात्रभर बारीक गुणगुण. अ‍ॅल्युमिनियमची बोट असती तर मी हाच घेतला असता, कारण अ‍ॅल्युमिनियम या बॅटरीत पोलादाच्याही आधी बळी जातं. आमच्या पोलादी बोटीला आयसोलेटर पुरेसा वाटला. साधारण शंभर पौंडांच्या वर जरा जाणारा. कपॅसिटर असलेला घेतला. चार्जर आणि वॉशिंग मशीनच्या फिल्टरमधून अर्थिंगला थोडी एसी गळतच असते, आणि ती डायोड अधूनमधून उघडून डीसीला वाट देते. कपॅसिटर त्या एसीला वेगळ्या दाराने जाऊ देतो.

बसवण्याची जागा केबल बोटीत शिरते तिथेच, बाकी कुठलंही अर्थिंग जोडायच्या आधी. नोंदणी केलेल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. २३० व्होल्टवर मी स्वतःला डिप्लोमावाली समजत नाही. काम झाल्यावर प्लग लावून त्याने मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवला आणि आयसोलेटरच्या दोन टोकांना पिना टेकवल्या. आकडा साडेचारशेच्या आसपास डुलत राहिला. एवढा दाब आतापर्यंत मोकळेपणी आमच्या पत्र्यातून प्रवाह ढकलत होता. तेवढ्यात पलीकडच्या बोटवाल्याने निघायची तयारी म्हणून आपला प्लग काढला, आणि आमच्या मीटरवरचा आकडा खाली घसरला. माझ्या नवऱ्याला डायोड काही समजला नव्हता. हा आकडा समजला. काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पाहत होते. त्यांच्या प्लगमध्ये आता हिरवी-पिवळी वायर परत जोडलेली आहे आणि त्यामागे आमच्यासारखाच डबा आहे, हे मी पाहिलंय. ते स्वतः त्याबद्दल काही बोलले नाहीत.

आयसोलेटर म्हणजे रामबाण असं विकणारे सांगतात, ते खरं नाही. बोटीतल्या बोटीत पितळी पंखा आणि पोलादी अंग यांचं जे चालतं ते चालूच राहतं. त्यासाठी अ‍ॅनोडच हवेत. बॅटरीची वायर पत्र्याला लागून बोटीचीच डीसी गळत असेल तर ती याहून कितीतरी भराभर खाते आणि तिथे हा डबा काही करू शकत नाही. पाण्यातले काही जीवाणूही पोलाद खातात. नारिंगी फोडाखाली काळा चिखल आणि कुजक्या अंड्याचा वास असेल तर वायरिंगवर राग काढण्यात अर्थ नाही, बूड धुऊन लेप नीट करावा. आणि आयसोलेटरला बगल देणाऱ्या वाटा असतात. मरीनाने दिलेली टीव्हीची केबल बोटीत घेतली की तिच्या जाळीतून अर्थिंग पुन्हा जोडलं गेलं. बोट दोरीऐवजी साखळीने काठाच्या पोलादी पत्र्याला बांधली तरी तेच. आमच्या ओळीत एकाने महागडा ट्रान्सफॉर्मर बसवून बोट साखळदंडाने बांधली आहे, चोरीच्या भीतीने. चोर काही येत नाही.

त्यानंतर बोट डांबर लावायला पुन्हा गोदीत चढली तेव्हा अ‍ॅनोड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, वेल्ड केलेल्या जागा जशाच्या तशा, नवा खड्डा एकही नाही. उन्हाळ्यात आम्ही छपरावरच्या सोलर पॅनेलवर भागवतो आणि केबल काढूनच ठेवतो. हिवाळ्यात ढग आणि चार वाजताचा अंधार, तेव्हा प्लगशिवाय इलाज नाही.

इंग्लंडात, युरोपात, अमेरिकेत बोटीवर राहायला निघालेले मराठी लोक आता अधूनमधून भेटतात. ते पडदे, शेगडी, फ्रिज यांबद्दल विचारतात. मी त्यांना आधी केबल कुठून आत येते ते बघायला सांगते. तिथे आयसोलेटर नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी तो बसवून घ्या, आणि कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी हिरवी-पिवळी वायर कापू नका. असेल तर वर्षातून एकदा, बोटीचा प्लग किनाऱ्यावरून काढून, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही दिशांनी तपासा. कपॅसिटर असेल तर आकडा चढायला थोडे सेकंद द्या. तो एक व्होल्टच्या आसपास येऊन थांबला पाहिजे. शून्य आला तर डायोड जळून चिकटलेत, डबा शोभेचा झाला. काहीच आलं नाही तर आतून तुटलाय, म्हणजे तुमच्या बोटीला अर्थिंगच नाही. तसं असेल तर नवा बसेपर्यंत केबल जेटीवर गुंडाळून ठेवा आणि शेगडीत कोळसा घाला.